काटा पाहता, तसा फोनही पाहा
(इतवारी, नागपूर येथील बैठकीतील भाषण)



इतवारी ही नागपूरची जुनी व्यापारपेठ. पेठेत माल घेऊन आलेला शेतकरी आधी काटा पाहतो. ही अक्कल आपल्याला शाळेने शिकवली नाही. बापजाद्यांनी मापात खाल्लेल्या मारातून ती आली. आता चोर काट्यावरून फोनवर आला आहे. तेथेही तीच अक्कल लावायची आहे.

या चोराला आपले वेळापत्रक पाठ आहे. पीएम-किसानचा 2,000 रुपयांचा हप्ता, पीकविमा, कर्जमाफी यांची चर्चा सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते : "केवायसी करा, नाहीतर हप्ता बंद." नावाच्या शेवटी 'एपीके' असते. ती फोनमध्ये बसवली की आपला ओटीपी चोर वाचतो. 2025 च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायला 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी सक्तीची झाली. तेव्हा अ‍ॅप टाळून चालत नाही. पण ते प्ले स्टोअरवरूनच घ्यावे, कोणी पाठवलेल्या फाइलीतून नव्हे.

ज्वारीचे पैसे घेताना आपण व्यापाऱ्याच्या हातात घरची किल्ली देतो का? पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. जो "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणतो, तो पैसे नेणारच. आणि 'डिजिटल अटक' कायद्यात नाहीच. व्हिडिओवर खाकी दिसली तरी फोन बंद करावा.

तरीही फसलो, तर लाजेने गप्प बसू नये. लगेच 1930 ला फोन करावा, मग बँकेत लेखी तक्रार. चोराने पैसा काढून नेण्याआधी कळले, तर तो गोठवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ठरवून दिले की, पिन ग्राहकाच्या चुकीने गेला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणून तक्रारीची पोच वेळेसह घ्यावी.

आणखी एक. चोरीचा पैसा भाड्याच्या खात्यांतून फिरतो. चार पैशांसाठी आपल्या पोराने पासबुक-एटीएम परक्याला दिले, तर पोलीस आधी त्याच्याच दारात येतात.

अनुदान, विमा, कापसाचा चुकारा, सारे सरकारने खात्यावर आणि फोनवर आणले. मग पहारा एकट्या शेतकऱ्यानेच का द्यावा? बँकांनी गावोगाव येऊन हे मराठीत समजावून सांगावे, ही मागणी आपण लावून धरू. तोवर गावात परतल्यावर प्रत्येकाने दहा घरांच्या भिंतींवर 1930 लिहावे.