रुग्णालयातील स्वमग्न बालक आणि त्याची मूत्रपिंडे

रोग बरा करण्यासाठी दिलेले औषधच मूत्रपिंडांस अपाय करू शकते, हे रुग्णाच्या आप्तांस बहुधा ठाऊक नसते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग या दोन लहान अवयवांकडे जातो. साहजिकच रक्तात जे मिसळते त्याचा मोठा भार त्यांच्यावर पडतो. जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविके मूत्रनलिकांच्या पेशींत साचतात. शरीरातील पाणी कमी झाले असता आयबुप्रोफेनमुळे मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो. एकेक औषध बहुधा निभावते; तीन एकत्र आली, त्यात जुलाब-उलट्यांची भर पडली, की धोका वाढतो.

अमेरिकेत सिनसिनाटी येथील बालरुग्णालयात डॉ. स्टुअर्ट गोल्डस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘निंजा’ नावाचा उपक्रम आरंभिला. अतिदक्षता विभागाबाहेरील ज्या बालकास एकाच दिवशी मूत्रपिंडांस घातक अशी तीन वा अधिक औषधे मिळतात, अथवा जेंटामायसिनच्या जातीचे औषध तीन दिवस वा अधिक शिरेवाटे दिले जाते, त्याची नोंद फार्मासिस्टने रोज काढावयाची, रक्तातील क्रिएटिनीन रोज तपासण्याचे सुचवावयाचे आणि एखादे औषध वगळता येईल काय, हे डॉक्टरांस विचारावयाचे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असा औषधांचा मारा ३८ टक्क्यांनी आणि मूत्रपिंडांची इजा ६४ टक्क्यांनी घटली. पुढे नऊ रुग्णालयांत मिळून इजेतील घट सुमारे २४ टक्के भरली. तीही थोडी नव्हे. यात नवे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते; होती ती केवळ नित्याची मोजदाद.

हा उपक्रम केवळ स्वमग्न बालकांसाठी नव्हता. तथापि त्याची सर्वाधिक गरज त्यांनाच असावी. तहान लागली, पोटात कळ आली, हे अशा अनेक बालकांस सांगता येत नाही. घरच्या ठरावीक पेल्यातूनच पाणी पिणारे मूल रुग्णालयाच्या पेल्याला तोंड लावीत नाही, आणि नकळत शरीर कोरडे पडते. पेला घरून नेणे हा येथे उपचाराचाच भाग होय.

खरा पेच रक्ततपासणीचा आहे. सुई पाहताच मूल आकांत करते, म्हणून कधी दयेपोटी तपासणी पुढे ढकलली जाते. लघवी तर होते आहे, असे समाधान मानले जाते. ही दया महागात पडू शकते. जेंटामायसिनच्या इजेत लघवीचे प्रमाण पुष्कळदा कमी होतच नाही. शिवाय क्रिएटिनीन स्नायूंपासून निर्माण होते. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या कृश बालकात ते मुळातच कमी असते. ०.३ वरून ०.६ झाले तरी अहवालात ते सामान्य दिसेल. प्रत्यक्षात ते दुप्पट झालेले असते. म्हणून दाखल होतानाचा आकडा हाताशी हवा. त्वचा बधिर करणारे मलम तासभर आधी लावावे, सर्व तपासण्यांचे रक्त एकाच वेळी घ्यावे आणि औषधांची गरज संपताच ती थांबवावीत, म्हणजे सुयाही कमी होतील.

घरी दिलेल्या औषधाची बाटलीही सोबत न्यावी. आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल एकत्र असलेली सिरपे महाराष्ट्रातील अनेक घरांत असतात. दाखल करताना ‘तापाचे औषध दिले’ एवढेच सांगितले जाते, आणि वॉर्डातील मोजणीत त्यातील आयबुप्रोफेन धरलेच जात नाही.