आसोद्याची बहिणा

बहिणाबाई चौधरी आपल्याच जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८० सालचा. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी, घरी शेती. शाळा काही नशिबात नव्हती. १३व्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला चौधरींच्या घरी आल्या. तिशीतच नवरा गेला, पदरात तीन लेकरं. घरकाम, शेतकाम करता करता ओव्या सुचायच्या, पण लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी उतरवून घेतल्या तेवढ्याच राहिल्या, बाकीच्या गेल्या. पुस्तक निघालं १९५२ साली, बहिणाबाईंच्या माघारी.

तुमच्या आईच्या, सासूच्या ओव्या कोणी लिहिल्या आहेत का? पुढच्या बैठकीला पासबुकासोबत एक कोरी वही आणा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी लेक सोबत आणा.