‘टेक्सास फ्लड’ आणि उसने दुःख

ब्लूज हे अमेरिकेतील काळ्या कष्टकऱ्यांचे गाणे. गोऱ्याने ते गावे काय, हा प्रश्न आम्ही टाळणार नाही.

स्टीव्ही रे वॉन हा टेक्सासचा गोरा गिटारवादक. १९८२ च्या जुलैत स्वित्झर्लंडमधील माँत्रोच्या महोत्सवात काही श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडविली. पण तेथेच जॅक्सन ब्राऊन या गायकाने त्याला ऐकले आणि लॉस एंजेलिसमधील आपले ध्वनिमुद्रणगृह फुकट देऊ केले. वॉन, ड्रमवादक क्रिस लेटन व बेसवादक टॉमी शॅनन हे तिघे दोन-तीन दिवसांत, बैठकीत वाजवावे तसे वाजवून मोकळे झाले. १९८३ च्या जूनमध्ये ही पहिली तबकडी निघाली तेव्हा वॉन २८ वर्षांचा होता. हात ऑस्टिनच्या मद्यगृहांतून केव्हाच तयार झालेला.

शीर्षकगीत मुळात लॅरी डेव्हिस या काळ्या गायकाचे, १९५८ सालचे. म्हणजे उसनेच. परंतु जाड तार बोटाने ओढून वॉन जी मींड काढतो, ती निव्वळ नक्कल करणाऱ्यास साधत नाही, असे आम्हास वाटते. शेवटचे ‘लेनी’ त्याने पत्नीसाठी रचले. त्यात शब्द नाहीत. नवख्याने तेथूनच आरंभ करावा, आणि मग डेव्हिसची मूळ तबकडीही अवश्य मिळवून ऐकावी.