दोन मिनिटं

मी निवृत्त शिक्षक. आमच्या घरात बाटली कधी आली नाही. मुलगा डब्लिनला नोकरीला लागला आणि एकदा फोनवर 'कधीमधी घेतो' म्हणाला. त्यानंतर सहा महिने मी त्याच्याशी धड बोललो नाही.

पुढे त्याच्याकडे गेलो. एका संध्याकाळी तो मला पबमध्ये घेऊन गेला आणि त्यानं त्याची आवडती गिनेस मागवली. तिथल्या माणसानं ग्लास तिरका धरून पाऊण भरला आणि चक्क बाजूला ठेवून दिला! म्हटलं, "विसरला की काय?" मुलगा हसला. "थांबा बाबा. फेस वर येऊ द्यायचा, मग उरलेला भरायचा. दोन मिनिटं लागतात."

तेवढ्यात त्यानं सगळं सांगितलं. १७५९ साली आर्थर गिनेसनं ब्रुअरीची जागा ९००० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली, भाडं वर्षाला ४५ पौंड. काळा रंग भाजलेल्या बार्लीचा, म्हणजे आपल्या सातूचा. नायट्रोजनच्या बारीक बुडबुड्यांमुळे फेस सायीसारखा दाट. ग्लास दिव्यासमोर धरला, तर काळा कसला? गडद माणकासारखा लाल!

मी एक घोट घेतला. आधी मऊ साय, मग बिनसाखरेच्या कॉफीचा कडवटपणा, शेवटी खरपूस वास. दुसरा घोट मीच मागून घेतला.

मी काही प्यायला लागलो नाही. पण मनात येतं, त्या दिवशी फोनवर दोन मिनिटं थांबून त्याचं ऐकलं असतं तर?