नर्सिंग होममधील मृत्यू आणि कुटुंबाचे हक्क



नर्सिंग होममध्ये हलगर्जीपणामुळे आपला माणूस दगावला, तर घरचे बहुधा नशिबाला बोल लावून गप्प बसतात. तसे करू नका. अंत्यविधीपूर्वी शवविच्छेदनाचा आग्रह धरा. उपचाराची कागदपत्रे लेखी अर्ज करून मागा. २००२ च्या नियमांप्रमाणे ती ७२ तासांत मिळाली पाहिजेत.

पुढे मार्ग तीन. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षे. डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाईसाठी राज्याची वैद्यक परिषद. गुन्ह्यासाठी पोलीस, पण २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तेथे निष्काळजीपणा घोर असावा लागतो.

‘खर्च कंपनीने केला, मग आपला हक्क कसला?’ असे पुष्कळ जण विचारतात. सेवाशर्तींनुसार मालकाने पैसे भरले तरी ती फुकट सेवा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. २००७ मध्ये ईएसआय रुग्णालयांबाबतही कामगाराला ग्राहक मानले गेले. कारण वर्गणी आपल्या पगारातून जाते.

दुःखात घरच्यांना तारखांचे भान राहत नाही. ती मुदत युनियनने सांभाळावी.