गोष्ट तारण ठेवता येत नाही

भाकरी थापता थापता ऐकत असाल तरी चालेल, रेडिओचा आवाज तेवढा वाढवा.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा मराठी सिनेमा तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिला असेल. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा कसा काढला, त्याची ही गोष्ट. आज आम्ही बोलणार आहोत ती गोष्ट लिहिणाऱ्या माणसाबद्दल, परेश मोकाशींबद्दल.

मोकाशी मूळचे नाटकवाले. 'मुक्काम पोस्ट बोंबिलवाडी' हे त्यांचंच नाटक. बापू वाटव्यांनी लिहिलेलं फाळक्यांचं चरित्र त्यांनी वाचलं आणि २००५ साली पटकथा लिहून पुरी केली. पटकथा म्हणजे काय? मिस्त्री घराचा नकाशा काढतो ना, तसं. कोण कुठे उभं आहे, काय बोलतंय, दिवस आहे का रात्र, सगळं त्यात असतं. पण नकाशात राहता येत नाही आणि पटकथा कुणाला बघता येत नाही. त्यातून ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईची. जुने कपडे, जुने रस्ते, घोडागाड्या, सगळं नव्याने उभं करायचं. म्हणजे पैसा आला.

पैसा घालणारा शोधण्यात तीन वर्षं गेली. एका बैठकीत आम्हाला एकीने विचारलं, "गोष्ट तर तयार होती, मग अडलं कुठे?" अडलं ते इथेच. शेत तारण ठेवता येतं, सोनं ठेवता येतं. कागदावरच्या गोष्टीवर कर्ज कोण देणार? माणसाचा पहिलाच सिनेमा, आणि पैसेवाल्यांना गोष्टीत आपापले बदल हवे असायचे. मोकाशींना ते मान्य नव्हते. शेवटी त्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं आणि सिनेमा स्वतःच काढला.

आता गंमत बघा. ज्या फाळक्यांची गोष्ट ते सांगत होते, त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं? आयुष्याचा विमा गहाण टाकून ते १९१२ साली इंग्लंडला गेले, कॅमेरा आणि यंत्रं घेऊन आले. पुन्हा पैशाची अडचण आलीच. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून वेल कसा वाढतो, याची छोटी फिल्म काढली. ती पाहून पैसे देणारा तयार झाला. आपण बाजारात लोणचं विकायला नेतो तेव्हा आधी चवीला देतो, तसंच हे. मोकाशींकडे मात्र चवीला द्यायला काही नव्हतं, नुसता कागद.

घर गहाण ठेवायची गोष्ट ऐकायला छान वाटते. पण कर्जाचे कागद आमच्या रोजच्या हातातले, म्हणून स्पष्ट बोलतो. सिनेमा पडला असता तर? तेव्हा कुणी टाळ्या वाजवायला आलं नसतं. गटातल्या कुणा बाईने धंद्यासाठी राहतं घर अडकवायचं म्हटलं, तर आम्ही आधी तिच्या घरच्या सगळ्यांना समोर बसवू.

इथे सिनेमा पडला नाही. २००९ साली भारतातर्फे ऑस्करसाठी तोच पाठवला गेला. तिथे पुढच्या फेरीत गेला नाही, ते जाऊ द्या. २०१० च्या जानेवारीत तो थिएटरात लागला. पटकथा पुरी झाल्यापासून पाचवं वर्ष उजाडलं होतं.

फाळक्यांच्या बायकोचं, सरस्वतीबाईंचं काम सिनेमात विभावरी देशपांडेंनी केलंय. पाहाल तेव्हा त्यांच्याकडे नीट लक्ष द्या. नवऱ्याच्या सिनेमासाठी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. सिनेमाच्या माणसांना त्याच रांधून घालायच्या. कोऱ्या फिल्मला भोकं नसायची, ती अंधारात बसून पाडायचं कामही त्यांनीच केलं. पडद्यावर तारामती झाली ती मात्र साळुंके नावाचा पुरुष, कारण सिनेमात काम करायला तेव्हा एकही बाई तयार नव्हती.