टकळीचा हिशेब



कामगार संघटनेत काम करणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो हा, की ज्या कामाची हजेरी लागत नाही त्या कामाचा पगार मिळत नाही. माझे शिक्षण अशाच धड्यांनी झाले. तोच धडा घेऊन आज मी आपल्याला जरा दूर, उत्तराखंडातील जोहार, दारमा, नीती या डोंगरी खोऱ्यांत नेणार आहे.

तेथील भोटिया पुरुष पूर्वी शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य व गूळ लादून तिबेटात जात आणि मीठ, टाकणखार व लोकर घेऊन परतत. त्या लोकरीचे पुढे जे काही होई, ते बहुतेक बायकांच्या हातांनी. निवडणे, धुणे, पिंजणे, कातणे आणि मग विणणे. अंगावर घ्यायची पंखी, पांघरायचा केसाळ थुलमा आणि गाठी मारून केलेला गालिचा, म्हणजे दन. 1962 च्या युद्धाने तिबेटची वाट बंद झाली. व्यापार बुडाला, बायकांचे माग मात्र थांबले नाहीत.

आता हिशेब मांडू. विणणावळ गिऱ्हाइकाला कळते, कारण विणणारी मागापुढे बसलेली दिसते. कातणे चालता चालता होते. टकळी हातात घेऊन बाई रानात जाते, शेजारणीशी बोलत उभी राहते, आणि सूत वाढत असते. एका मागाला पुरेल एवढे सूत कातायला अनेक हात लागतात. जास्त तास तेथेच जातात आणि तेच हिशेबातून गळतात. त्याला ‘फावल्या वेळेचे काम’ म्हणतात! बाईचा फावला वेळ कोणता, हे आपण घरी जाऊन विचारावे.

2021 साली दन आणि थुलमा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले. परंतु तो कायदा नावाचे रक्षण करतो, मजुरीचे नाही. मजुरीची गोष्ट गांधीजींनी 1935 साली, वर्ध्यास राहत असताना, चरखा संघापुढे मांडली होती. कातणारीला आठ तासांच्या कामाचा हिशेब धरून अन्नवस्त्रापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. खादी महागेल अशी भीती अनेकांना वाटली. तरीही संघाने तसा ठराव केला.

तेच माप आपण हाती घ्यावे. हातकताईची शाल घेताना भाव पाडण्याआधी एवढेच विचारा: यात कातणावळ किती? दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तर समजा, ती कोणा बाईने आपल्या पदरची घातली आहे.